सेवाकथनातील आईची जागा : ‘किसेस फ्रॉम केटी’ची एक चिकित्सा

प्रास्ताविक

परदेशी जाऊन निराधार मुलांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती मिशन-स्वयंसेवकांची आत्मकथने हा इंग्रजीतील एक मोठा वाचकवर्ग लाभलेला लेखनप्रकार आहे. मराठी समीक्षेच्या कक्षेत तो सहसा येत नाही. एक तर त्याला ‘वाङ्मय’ म्हणावे की नाही याविषयीच संकोच असतो. दुसरे असे की, त्याच्याबद्दल बोलू लागताच चर्चा धर्मांतराच्या वादाकडे वळते आणि पुस्तक बाजूला राहते. मग एक पक्ष सेवेचे गोडवे गातो, दुसरा पक्ष सेवेमागचा हेतू शोधतो. मजकूर मात्र कोणीच वाचत नाही.

प्रस्तुत लेखात धर्मांतराचा प्रश्न जाणीवपूर्वक दूर ठेवला आहे. येथे विचारावयाचा प्रश्न निवेदनाचा आहे. ज्या मुलाची कथा सांगितली जाते, त्याचे स्वतःचे माणूस, म्हणजे आई, आजी, मावशी, थोरला भाऊ, त्या कथेत कोठे उभे असते? या प्रश्नासाठी केटी डेव्हिस यांचे ‘किसेस फ्रॉम केटी’ (२०११) हे पुस्तक निवडले आहे. बेथ क्लार्क यांच्या साहाय्याने लिहिलेले हे पुस्तक अमेरिकेत अतिशय खपले आणि मिशन-स्वयंसेवेसाठी निघणाऱ्या अनेक तरुणांच्या हाती गेले. त्यामुळे त्याची चिकित्सा ही एका पुस्तकापुरती राहत नाही.

ग्रंथाचा आशय

टेनेसी राज्यातील ब्रेंटवुड येथील एक सुखवस्तू घरातील मुलगी डिसेंबर २००६ मध्ये, शाळेच्या शेवटच्या वर्षात असताना, नाताळच्या सुट्टीत तीन आठवडे पूर्व आफ्रिकेतील युगांडा या देशात जाते. तेथील एका अनाथाश्रमात काम करते. परत आल्यावर तिचे मन लागत नाही. २००७ मध्ये ती पुन्हा जाते, जिंजा शहराजवळ एका अनाथाश्रमाच्या बालवर्गात शिकवू लागते आणि वर्षभरासाठी गेलेली ती मुलगी तेथेच राहते. २००८ मध्ये ‘अमाझिमा’ ही संस्था स्थापन होते. लुगांडा भाषेत ‘अमाझिमा’ म्हणजे सत्य. आईवडिलांना दिलेल्या शब्दाखातर ती मध्ये काही महिने अमेरिकेत शिक्षणासाठी जाते, पण पुन्हा युगांडात परतते. पुस्तक संपते तेव्हा बाविशीच्या आसपासची ही तरुणी तेरा मुलींची आई झालेली असते.

कथानकाचा हा आराखडा नवा नाही. ऐश्वर्यत्याग, परदेशगमन, परीक्षा, कृतार्थता हा क्रम संतचरित्रांच्या वाचकाला परिचित आहे. फरक एवढाच की, येथे संत स्वतःच आपले चरित्र लिहितो आणि तेही विशीत. प्रौढ आत्मचरित्रकाराला आपल्या जुन्या चुकांकडे मागे वळून पाहण्याची सवड मिळते. या निवेदिकेला ती मिळालेली नाही. ती ज्या दिवसाविषयी लिहिते, त्या दिवसाची धूळ अजून तिच्या पायांवर आहे. कथनाला जोडून येणाऱ्या रोजनिशीवजा नोंदींमुळे ही निकटता अधिकच जाणवते. पुस्तकाचे बळ आणि त्याची मर्यादा, दोन्ही या निकटतेतून आलेली आहेत.

निवेदिका अप्रामाणिक नाही, हे सुरुवातीलाच नोंदविले पाहिजे. ती थकते, चिडते, घरच्या आठवणीने रडते आणि हे सारे लिहितेही. स्थानिक भाषा शिकते. जिंजाजवळच्या मासेसे या वस्तीत अत्यंत हलाखीत राहणाऱ्या कारामोजोंग लोकांमध्ये ती अन्नवाटप करते, मुलांचे खरजेने भरलेले पाय धुते. खुर्चीत बसून या कामाची टिंगल करणे सोपे आहे. तशी टिंगल करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही.

एका पुस्तकातील दोन तर्क

या पुस्तकाचे सूक्ष्म वाचन केल्यास त्यात दोन परस्परविरोधी तर्क शेजारी शेजारी नांदताना दिसतात. समीक्षेच्या दृष्टीने हाच त्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग होय.

पहिला तर्क संस्थेच्या कामाचा. बालवर्गात शिकविताना केटीच्या लक्षात येते की, आसपासची पुष्कळ मुले शाळेत जात नाहीत, कारण फी भरायला पैसे नाहीत. आणि अनाथाश्रमात राहणाऱ्या मुलांपैकी अनेकांची घरे आहेत, माणसे आहेत. युगांडात १९९७ पासून प्राथमिक शिक्षण सर्वांसाठी मोफत झाल्याचे धोरण असले, तरी गणवेश, वह्या, जेवण, परीक्षा यांचा खर्च आणि खाजगी शाळांची फी गरीब घराला पेलत नाही. अशा घरापुढे पर्याय दोनच उरतात. एक तर मूल शाळेबाहेर ठेवायचे, नाही तर जेथे शाळा आणि जेवण मिळते त्या आश्रमात त्याला सोडून यायचे. केटीने यावर काढलेला मार्ग साधा आणि शहाणपणाचा होता. अमेरिकेतील देणगीदाराने एका मुलाचा शाळेचा व जेवणाचा खर्च उचलावा आणि मुलाने आपल्याच नातलगांकडे राहावे. चाळीस मुलांपासून सुरुवात करण्याचा बेत होता. थोड्याच महिन्यांत दीडशे मुलांची नावे नोंदली गेली. हा आकडा दिसताच वाचकाने थांबायला हवे. दीडशे मुलांसाठी कोणी तरी त्या दारात येऊन उभे राहिले होते. ती मुले ‘कोणाचीही नसलेली’ नव्हती.

दुसरा तर्क कथनाच्या भावविश्वाचा. जानेवारी २००८ मध्ये मातीचे घर कोसळून एक मुलगी जखमी होते. आईवडिलांमागे ती व तिच्या दोघी बहिणी एकट्याच राहत असल्याचे समजते आणि केटी त्यांना आपल्या घरी आणते. त्यांतली धाकटी तिला ‘मम्मी’ म्हणू का, असे विचारते. हा पुस्तकाचा भावनिक मध्यबिंदू आहे. येथून पुढे कथनाची सारी ऊर्जा एका नव्या कुटुंबाच्या उभारणीकडे वळते. दीडशे घरांचा हिशेब मागे पडतो आणि एका घराची गोष्ट पुढे येते. देणगीदारांच्या पैशावर आपापल्या आजीकडे राहून शाळेत जाणारी मुले पुस्तकात असतात, पण ती पात्रे होत नाहीत. पात्रे होतात ती निवेदिकेच्या घरात आलेली मुले.

यात लेखिकेचा दोष किती आणि प्रकाराचा किती, हा विचार करण्यासारखा भाग आहे. आजीच्या झोपडीत राहून शाळेत जाणाऱ्या मुलीची गोष्ट सांगायची, तर नायिका ती आजी होईल. भल्या पहाटे उठून पाणी आणणारी, नातीचा गणवेश धुणारी, तिच्यासाठी परक्या माणसाच्या दारात रांगेत उभी राहणारी. परदेशातून आलेल्या तरुणीकडे मग केवळ फी भरणाऱ्याची भूमिका उरेल. मिशन-आत्मकथनाला हे चालत नाही. त्याला ‘मी’ लागतो. म्हणून या पुस्तकाचे कामकाज त्याच्या कथनापेक्षा अधिक शहाणे आहे, असे आमचे मत आहे.

‘अनाथ’ या शब्दाचे कार्य

हा अंतर्विरोध झाकण्याचे काम एक शब्द करतो. इंग्रजीतील ‘ऑर्फन’ या शब्दाने सामान्य वाचकाच्या मनात आई आणि वडील दोघेही गेलेले मूल उभे राहते. युनिसेफ आणि एड्सविषयक आंतरराष्ट्रीय संस्थांनी मात्र १९९० च्या दशकापासून दोहोंपैकी एक जरी गेला तरी त्या मुलाची गणना याच संज्ञेखाली केली. या व्याख्येनुसार २०१५ मध्ये जगातील अनाथांची संख्या जवळपास १४ कोटी भरली. त्यांपैकी आई आणि वडील दोन्ही गमावलेली मुले सुमारे १ कोटी ५१ लाख होती. म्हणजे दर दहांतील जवळपास नऊ मुलांना एक पालक हयात होता. मदतीची गरज मोजण्यासाठी ही व्याख्या योग्यच होती, कारण कर्ता माणूस गेलेल्या घराची वाताहत खरी असते. परंतु हा आकडा प्रवचनात, आवाहनपत्रात आणि आत्मकथनात शिरला, की त्याचा अर्थ बदलतो. चौदा कोटी मुलांची वाट पाहणारे चौदा कोटी रिकामे पाळणे वाचकाला दिसू लागतात.

मराठीत या ठिकाणी निदान दोन शब्द हाताशी आहेत. वडील गेले तरी मूल पोरके होते. आई गेली तर होतेच होते. पण पोरक्या मुलाला आपण लगेच अनाथ म्हणत नाही. ‘नाथ’ उरलेला नाही, म्हणजे पाठीशी उभे राहील असे कोणीही उरलेले नाही, तेव्हाच तो शब्द तोंडी येतो. चुलता, मामा, आजोळ यांपैकी काहीही शिल्लक असेल तर समाज ‘अनाथ’ म्हणताना अडखळतो. (आपल्याकडील संस्थांच्या पाट्यांवर तो शब्द न अडखळता रंगवलेला असतो, ही गोष्ट वेगळी.) युगांडातही दिवंगत भावंडाची मुले सांभाळणे ही नातेव्यवहाराची रूढ रीत आहे. एड्सच्या साथीने त्या रीतीवर असह्य ताण आणला, तरी ती मोडली नाही. मुलांचा सर्वांत मोठा भार वाहिला तो संस्थांनी नव्हे, आज्यांनी.

जन्मदात्रीचा प्रवेश

पुस्तकाच्या उत्तरार्धात एक प्रसंग येतो. केटीच्या घरी वाढत असलेल्या एका लहान मुलीची जन्मदात्री परत येते, मुलीवर आपला हक्क सांगते आणि मुलगी अखेर तिच्याकडे जाते. मुलीला निरोप देणाऱ्या निवेदिकेचे दुःख वाचताना कोणाही वाचकाचे मन द्रवेल. ते दुःख खोटे नाही.

परंतु हाच प्रसंग दुसऱ्या बाजूने वाचून पाहावा. सबंध पुस्तकात जिचा अभाव गृहीत धरला होता, ती व्यक्ती येथे देहाने दारात उभी राहते. कथनाच्या दृष्टीने ही विलक्षण संधी होती. ही बाई कोठे होती, कशामुळे गेली, कशी परत आली, मुलीला पाहून तिला काय वाटले? निवेदन प्रथमपुरुषी असल्याने आपण निवेदिकेच्या मनात खोल उतरतो. त्या बाईची हकीकत मात्र तिच्या तोंडून आपल्यापर्यंत पोचत नाही. मुलीचे आईकडे परतणे ही इतर कोणत्याही कथेत सुखान्तिका ठरली असती. येथे ती श्रद्धेची परीक्षा ठरते. एका आईचा लाभ हा दुसऱ्या आईच्या हानीच्या रूपातच वाचकाला भेटतो, आणि कोणत्या आईच्या बाजूने रडायचे हे आधीच ठरलेले असते.

कायदा येथे कथनापेक्षा सावध होता, हेही पाहण्यासारखे आहे. युगांडाच्या बालक कायद्यानुसार दत्तक घेणाऱ्याचे वय किमान २५ असावे लागते आणि मुलापेक्षा तो किमान २१ वर्षांनी मोठा असावा लागतो. म्हणजे पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा केटी कायद्याने पालनकर्ती होती, दत्तक-आई नव्हती. ही तरतूद भाबड्या सेवाभावाच्या आड येणारी लालफीत वाटू शकते. पण परदेशी दत्तकविधानाच्या लाटेत पालकत्वाच्या आदेशांचा आधार घेऊन मुले देशाबाहेर नेली जाऊ लागली, तेव्हा २०१६ च्या दुरुस्तीने ही पळवाट बंद करावी लागली आणि असे पालकत्व युगांडाच्या नागरिकांपुरते मर्यादित झाले. कॅथरिन जॉइस यांचे ‘द चाइल्ड कॅचर्स’ (२०१३) हे पुस्तक अमेरिकेतील इव्हँजेलिकल पंथीयांमधील दत्तक-चळवळीच्या याच बाजूचा शोध घेते. ज्या घरातून मूल गेले त्या घराने कशाला संमती दिली होती, हा त्यातील मूळ प्रश्न आहे. शिकायला पाठविणे आणि कायमचे देऊन टाकणे यांतला फरक अनेक ठिकाणी भाषांतरात हरवला होता.

जिंजातील दुसरी कथा

याच जिंजात, याच मासेसे वस्तीत, याच सुमारास आणखी एक तरुणी काम करीत होती. व्हर्जिनिया राज्यातून २००७ मध्ये स्वयंसेविका म्हणून आलेल्या रेने बाख यांनी २००९ मध्ये ‘सर्व्हिंग हिज चिल्ड्रन’ ही संस्था स्थापन केली. वैद्यकीय शिक्षण नसताना त्यांच्या संस्थेत तीव्र कुपोषणाच्या मुलांना दाखल करून घेतले जाऊ लागले. २०१० ते २०१५ या काळात तेथे आलेल्या ९४० मुलांपैकी १०५ मुले दगावली, हा आकडा त्यांच्याच बाजूने दिला गेला. २०१५ मध्ये जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी केंद्र बंद केले. २०१९ मध्ये दोन मातांनी एका युगांडी महिला-वकील संघटनेच्या साहाय्याने दावा दाखल केला. २०२० मध्ये, कोणताही दोष मान्य न करता, प्रत्येकी सुमारे साडेनऊ हजार डॉलर देऊन तो मिटविण्यात आला. आपण स्वतःला कधी डॉक्टर म्हणविले नाही, परिचारिकांना मदत केली, असे बाख यांचे म्हणणे राहिले. अशा मुलांचे मृत्यू सुसज्ज रुग्णालयांतही होतात, हेही खरे आहे. अतितीव्र कुपोषित मुलाला एकदम पोटभर खाऊ घालणे वा सलाइन लावणे त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याचे पोषण ठरावीक क्रमाने, मोजून-मापून करावे लागते. करुणेला हे शास्त्र आपोआप अवगत होत नाही.

या दोन तरुणींना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. केटीवर असा कोणताही आरोप नाही आणि तिच्या संस्थेने पुढे शिक्षणावर भर देत २०१७ मध्ये स्वतःची शाळा सुरू केली. तरीही दोन्ही कथा एकाच कथनरूढीच्या छायेत वाढल्या. ‘ज्याला बोलावणे आले आहे त्याला पात्रता दिली जाईल’ हा विश्वास आत्मकथनात शोभून दिसतो. रुग्णाच्या खाटेशेजारी तो भयंकर ठरू शकतो. आणखी एक गोष्ट सहज निसटते. जिंजातील या प्रकरणाला तोंड फुटले, ते मातांनी शपथेवर आपले म्हणणे मांडले तेव्हा. ज्यांना सेवाकथनात जागा नव्हती, त्यांना ती न्यायालयात शोधावी लागली.

यावरची टीका केवळ धर्मविरोधकांकडून झाली, असे समजण्याचे कारण नाही. इव्हान इलिच हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९६८ मध्ये मेक्सिकोत जमलेल्या अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांना त्यांनी तोंडावर सांगितले होते की, पाहायला या, शिकायला या, पण उपकार करायला येऊ नका. कॉर्बेट आणि फिकर्ट यांचे ‘व्हेन हेल्पिंग हर्ट्स’ (२००९) हे चर्चमधील वाचकांसाठीच लिहिलेले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या संदर्भात रिख्टर आणि नॉर्मन यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की, काही आठवड्यांसाठी येऊन मुलांना लळा लावणारे आणि निघून जाणारे स्वयंसेवक मुलांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा ताटातूट आणतात. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही आपल्या ठरावात अनाथालयांतील अशा स्वयंसेवेच्या अपायाची दखल घेतली.

केडगावचा दाखला

परदेशी मिशन-स्वयंसेवेचा एक अध्याय महाराष्ट्रातही घडला आहे आणि त्यातील अधिकारांची मांडणी वेगळी होती, म्हणून तो येथे आठवतो. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या. १८९८ मध्ये मिनी एब्रम्स ही अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी तेथे दाखल झाली आणि तिच्यानंतर इतरही परदेशी स्त्रिया आल्या. पण त्या आल्या त्या रमाबाईंच्या हाताखाली काम करायला. निर्णय घेणारी स्त्री मराठी बोलणारी होती. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील व बहीण गमावून भावासह पायी देशभर फिरलेली होती. पोरकेपण म्हणजे काय हे तिला कोणत्याही पुस्तकातून शिकायचे नव्हते.

केडगावला निर्दोष आदर्श म्हणून उभे करण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. तेथूनही परदेशी वाचकांसाठी सुटकेच्या कथा आणि छायाचित्रे गेली. त्या कथांतही दुष्काळग्रस्त मुलींची माणसे अस्पष्टच राहिली. त्याआधी पुण्यात, १८९३ मध्ये, शारदा सदनातील मुली प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. त्या वादाचा इतिहास आपण नेहमी धर्माच्या अंगाने वाचतो. त्यात आणखी एक गोष्ट आहे. मुलीचे पालक संस्थेच्या दाराशी येऊन प्रश्न विचारू शकत होते, मुलीला घेऊन जाऊ शकत होते. त्यांच्या प्रश्नांशी आपण सहमत असू वा नसू. मासेसेतील बाईला ती सोय नव्हती.

या पुस्तकाची चर्चा पदव्युत्तर वर्गात करताना प्रस्तुत लेखकाला आपल्याच राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांचे अहवाल आठवत राहिले. सात दिवसांच्या शिबिरात एक दिवस जवळच्या बालगृहाला भेट, फळवाटप, सामूहिक छायाचित्र, आणि ‘त्या निरागस चेहऱ्यांवरील हसू पाहून आम्ही धन्य झालो’ हे वाक्य. परदेश नाही, मिशन नाही, पण व्याकरण तेच. गेल्या शिबिरापासून छायाचित्र न जोडता अहवाल लिहावा, आणि मुले तेथे कोणी आणून सोडली एवढेच विचारून यावे, अशी सूचना केली. बहुतेक अहवाल अर्ध्या पानावर आले. एका विद्यार्थिनीने मात्र दोन पाने लिहिली. त्या बालगृहातील दोन भावंडांना भेटायला दर रविवारी त्यांची आजी दोन एसट्या बदलून येते. आम्ही गेलो तो रविवार होता, आणि आमचा कार्यक्रम आटोपेपर्यंत तिला फाटकाबाहेर बसवून ठेवले होते.